बाबांचा डावा हात आणि माझी विजेची अंगठापेटी

हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या बुवा. पुढे पुढे ही गोष्ट जरा अडते, निदान सांगणाऱ्याच्या घशात तरी.

मूर्खपणा कोण करत नाही? कोणी रागाच्या भरात करतो, कोणी हावेपोटी. मी केला तो प्रेमापोटी. चार रविवार खपून, हातात करवत घेऊन केला. आणि वर शेजारपाजाऱ्यांना घरी बोलावून, चहा पाजून दाखवला! असा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर माझ्याकडे नीट बघून घ्या.

आमचे बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. पण नागपूरच्या नंदनवन वस्तीत त्यांना सगळे ओळखायचे ते पेटीवाले गुरुजी म्हणून. भजन मंडळात त्यांनी तीस वर्षं बाजाची पेटी वाजवली. त्यांच्या उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर अशी पळायची की बायका भजन सोडून बोटंच बघत बसायच्या.

मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मलाही पेटी शिकवायला घेतली. तीन महिने शिकवली. चुकीची पट्टी दाबली की शाळेतल्यासारखं "गाढवा!" व्हायचं. मी त्या तीन महिन्यांत हजारदा तरी गाढव झालो असेन. मग एके दिवशी जो मैदानावर पळालो, तो पुन्हा पेटीकडे फिरकलो नाही. बाबांनीही परत बोलावलं नाही. खरं सांगतो, ते न बोलावणं मला जास्त लागलं. पण ते जाऊ द्या.

तर, आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. बाबांना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. जो माणूस वर्गात खडू मोडला तरी पंधरा मिनिटं बोलायचा, तो आठ महिने एक शब्द बोलला नाही. ऐकायचे सगळं, समजायचं सगळं, पण तोंडातून काही म्हणजे काही नाही.

डॉक्टर म्हणाले, "एखादा शब्द आला ना, तर पुढे आशा आहे. एकही नाही आला, तर..." आणि चष्मा पुसत बसले. डॉक्टर चष्मा पुसायला लागला की समजून जावं माणसानं.

झालं! घरात एकच ध्यास. बाबांच्या तोंडून एक शब्द यायला पाहिजे. आई रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून, "म्हणा, राम. म्हणा ना, राम," करायची. बाबा तिच्याकडे बघायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. ती तशीच उठून चुलीकडे जायची.

डावा हात मात्र चालू होता. आणि तो हात दिवसभर एकच काम करायचा. पलंगाच्या कडेशी पंजा उभा धरायचा, बाहेर ढकलायचा, आत घ्यायचा. बाहेर, आत. बाहेर, आत. आम्हाला काहीतरी सांगत होते हे उघड होतं. पण काय?

आई म्हणाली, "उकडून राहिलं असन त्यायले. वारा मागून राहिले."

मी टेबलफॅन आणून लावला. डिसेंबर महिना, नागपूरची थंडी! बाबांना दोन दिवस नुसत्या शिंका. पण हात थांबेना.

मग आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती आल्याबरोबर घरातला कारभार हातात घ्यायची, तसा तिनं बाबांचा हातही घेतला. पाच मिनिटं बघून म्हणाली, "काहून समजत नाई वं तुमाले? आपला गंगाधर जा म्हणून राहिला! घरात गर्दी नको मले!"

त्यानंतर भजन मंडळातलं कोणी भेटायला आलं, की बाबांचा हात हलायचा आणि आत्या शेजारी उभी राहून अर्थ सांगायची, "जा म्हणून राहिला." ती बिचारी माणसं चपला घालायची. पहिल्या आठवड्यात नऊ जण आले, दुसऱ्या आठवड्यात दोन. मग मंडळ आमच्या दारात यायचंच बंद झालं. बाबा दाराकडे बघत पडून राहायचे.

आता माझी पाळी. मी तर मॅट्रिक पास, सदर भागातल्या कचेरीत टायपिस्ट! मी आत्यासारखा घाईनं निष्कर्ष काढणार होय? मी चार दिवस निरीक्षण केलं. आणि माझ्या लक्षात आलं, की हात हलवताना बाबा समोरच्या कोनाड्याकडे बघतात. कोनाड्यात काय? पेटी.

म्हटलं, सापडलं! ज्या बोटांनी पेटी वाजवली ती बोटं गेली. आता ती पेटी रोज डोळ्यांसमोर. दुःख होणार नाही का माणसाला? ते हातानं सांगताहेत, की ही पेटी इथून हलवा.

मी पेटी उचलून माळ्यावर टाकली. बाबांचा हात दुप्पट जोरात चालायला लागला. आई घाबरली.

"दिगू, आता काय म्हणून राहिले गा हे?"

"रिकामी जागा दिसते ना," मी म्हणालो, "तिचासुद्धा त्रास होतोय त्यांना."

आणि मी कोनाड्यावर कॅलेंडर टांगलं! बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी आईला म्हणालो, "बघ, शांत झाले."

अहो, थांबा. अजून मुख्य मूर्खपणा पुढेच आहे.

माझ्या कचेरीजवळ एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एक दिवस त्याच्या दारावर पाटी लागली. 'विजेची अंगठापेटी स्वतः बनवा. चार रविवार. हत्यारं आमची, सामान तुमचं.'

दुकान चालवायचे फिलिप सर. पूर्व आफ्रिकेत रेल्वेच्या सिग्नलवर वीस वर्षं काढून नागपूरला परत आलेले. तिथून त्यांनी एक वाद्य आणलं होतं. वीतभर लाकडी खोकं, त्यावर पोलादाची अरुंद पाती ओळीनं बसवलेली. खोकं दोन हातांत धरायचं आणि अंगठ्यानं पाती छेडायची. टुंग, टुंग, असा गोड, ओलसर आवाज. सरांनी त्याला वीज जोडली होती, म्हणजे आवाज रेडिओतून मोठा ऐकू यायचा. नाव ठेवलं होतं अंगठापेटी.

मी विचारलं, "सर, एकाच अंगठ्यानं वाजेल का?"

"एक अंगूठा बस है भाऊ," सर म्हणाले. "उधर तो औरतें एक हाथ में बच्चा पकड़के दूसरे हाथ से बजाती थीं. डावा, उजवा, कुठला बी चालते."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. डावा अंगठा! बाबांचा डावा अंगठा शाबूत होता. बाबा पुन्हा वाजवतील. आणि वाजवायला लागले, की कुणी सांगावं, त्या सुराच्या मागोमाग शब्दसुद्धा येईल. मी तिथल्या तिथे नाव घातलं.

पहिल्या रविवारी आम्ही सहा जण होतो. सरांनी सांगितलं, "लकड़ी पुरानी लाना, एकदम सूखी. और पोलाद ऐसा लाना, के मोड़ो तो वापस सीधा हो जाए."

दुसऱ्या रविवारी एकानं छत्रीच्या काड्या आणल्या. एकानं आरीची मोडकी पाती आणली. मी काय नेलं असेल?

बरोबर. बाबांची पेटी!

असं बघू नका माझ्याकडे. माझं त्या वेळचं डोकं समजून घ्या. पेटी बाबांना नकोशी झालेली. तिचं झाकण अस्सल सागवानी, तीस वर्षं सूर ऐकून मुरलेलं. आणि भात्याच्या आत एक पोलादी कमान असते. भाता दाबला की तीच त्याला परत उघडते. वाकवलं तरी सरळ होणारं पोलाद म्हणजे तेच की! जुन्या पेटीतून नवी पेटी जन्माला येणार. मला तर ही कल्पना इतकी सुंदर वाटली, की माझा मलाच आदर वाटायला लागला.

भात्याचं कापड मी खेचलं, ते टर्रकन फाटलं. आतून कमान काढली. तेव्हा सरांनी विचारलं, "किसकी पेटी है ये?"

"माझ्या वडिलांची."

"पूछा उनको?"

"ते बोलू शकत नाहीत, सर."

पत्रा कापायची कात्री सरांनी माझ्याकडे केली, पण त्यांच्या हातातून ती लवकर सुटेना. मला वाटलं, म्हातारपणामुळे बोटं आखडली असतील. मी ओढून घेतली.

मग काय, नुसता उत्साह! कमान कापून बारा पाती केली. कानशीनं घासघासून एकेक पातं सुरात आणलं. सूर मला कळत नाही, म्हणून सर "थोडा और, थोडा और, बस बस" म्हणायचे. झाकणाच्या लाकडाला भोकं पाडून खोकं ठोकलं. जुन्या टेलिफोनच्या कानातलं लोहचुंबक आणि तारेची गुंडाळी पात्यांच्या खाली बसवली. पोलाद हललं की तारेत बारीकशी वीज तयार होते आणि ती रेडिओत जाऊन आवाज होते. तिसऱ्या रविवारी मला असा झटका बसला, की मी दोन टाळ्या न मागता वाजवल्या. चौथ्या रविवारी पहिला सूर निघाला. टुंग!

आणि शोभा म्हणून मी काय केलं? बाबांच्या पेटीला समोर पांढऱ्या गोल खुंट्या होत्या, सूर लावताना बाहेर ओढायच्या. त्यातली एक काढून आवाज लहानमोठा करायच्या बटणावर बसवली. बाबांच्या आठवणीसाठी! जिवंत माणसाच्या.

त्याच रविवारी संध्याकाळी मी घरी कार्यक्रम ठेवला. शेजारची चार बिऱ्हाडं, आई, आत्या, सगळे जमले. मोठा रेडिओ बाबांच्या पलंगाशी आणून ठेवला. बाबांना उशीला टेकवून बसवलं. अंगठापेटीवर मी आईचा रुमाल झाकला होता, तो मंत्र्यासारखा दूर केला.

"बाबा, तुमच्यासाठी नवी पेटी! विजेवरची! डाव्या अंगठ्यानं वाजते!"

पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांचा डावा अंगठा धरून एका पात्यावर आणला आणि सोडला.

टुंऽऽग! रेडिओतून आवाज घुमला. सगळे "अगाबाई" म्हणाले. शेजारच्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. आई पदर तोंडाशी धरून बाबांच्या ओठांकडे बघत होती.

बाबांनी अंगठा काढून घेतला. पंजा उभा केला. बाहेर, आत. बाहेर, आत.

"आवाज कमी पडतोय त्यांना," मी म्हणालो आणि बटण फिरवलं. रेडिओतून अशी किंकाळी निघाली, की दारातलं कुत्रं पळालं.

"जा म्हणून राहिला," आत्या म्हणाली.

"जा नाही आत्या, मोठा कर म्हणताहेत!"

"मले शिकवतं का रे?"

"मी नाही का गा म्हटलं, वारा पायजे त्यायले!" आईनं मधेच टाकलं.

आमचं तिघांचं असं जुंपलेलं असतानाच दारात नथ्थूकाका उभे. नथ्थूकाका म्हणजे मंडळाचे ढोलकीवाले, बाबांचे तीस वर्षांचे जोडीदार. मुलीच्या बाळंतपणासाठी छिंदवाड्याला गेले, तिथंच पाय मोडला, आणि आठ महिने अडकले. आत्ता बसमधून उतरून, पिशवी खांद्यावर, काठी टेकत सरळ इकडेच आले होते.

आत्यानं लगेच सुरू केलं, "नथ्थू, बसू नको. तो जा म्हणून राहिला."

नथ्थूकाकांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ते पलंगाच्या डाव्या अंगाला जाऊन बसले. बाबांच्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी पलंगाच्या लाकडी पाटीवर बोटांनी ठेका धरला. अगदी हळू. धा धिं ना, धा तिं ना.

आणि बाबांचा हात त्या ठेक्यात आला.

बाहेर, आत. बाहेर, आत. एक मात्रा चुकली नाही. बाबांनी डोळे मिटले. मान डोलायला लागली.

"अगा येड्यांनो," नथ्थूकाकांचा आवाज फुटला, "तो भाता मारून राहिला! पेटीचा भाता! तीस वर्षं मी ह्याच्या डाव्या अंगाले बसलो. तुमी सारे बोटं पाहत राहिले, मले तं हा हातच दिसे. पेटी मागून राहिला गा तो! मी भाता मारतो, कोणीतरी पट्ट्या दाबा, असं म्हणून राहिला!"

आठ महिने! आठ महिने तो माणूस पेटी मागत होता, आणि आम्ही त्याला वारा घातला, त्याची माणसं हाकलली, आणि कोनाड्यावर कॅलेंडर टांगलं.

आई मटकन खाली बसली. आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटलं. तेवढ्यात नथ्थूकाका आनंदानं माझ्याकडे वळले.

"दिगू, आन पेटी! मी ढोलकी आनतो! कुठं हाय पेटी?"

आता मला सांगा, या प्रश्नाला माणूस काय उत्तर देईल? भूमी दुभंगण्याची मी दोन क्षण वाट पाहिली. ती काही दुभंगली नाही. मग मी बोट दाखवलं. बाबांच्या मांडीकडे.

"हीच आहे," मी म्हणालो. "म्हणजे, हिच्यातच आहे."

बाबांनी डोळे उघडले. मांडीवरच्या खोक्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. डाव्या हातानं सागवानावरून बोट फिरवलं. बोट पांढऱ्या खुंटीशी येऊन थांबलं. ती त्यांनी चिमटीत धरली, सवयीनं बाहेर ओढली, आणि ती त्यांच्या हातात आली. मग पात्यांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ते पोलाद कुठलं, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मग माझ्याकडे बघितलं. ओठ थरथरायला लागले. गळ्याची शीर फुगली. आई गुडघ्यांवर सरकत पुढे आली. डॉक्टरांनी सांगितलेला तो एक शब्द येत होता!

"गा..."

"राम म्हणा," आई रडत म्हणाली.

"गा... ढवा!"

स्वच्छ. ठणठणीत. ढ सुद्धा शाळेतला.

काय सांगू, घरात दिवाळी झाली! आईनं बाबांचे पाय धरले. आत्यानं त्यांची दृष्ट काढली. शेजारच्या काकू "बोलले, गुरुजी बोलले!" म्हणत आळीभर धावल्या. आईनं पेढे मागवले. आणि ते वाटायला कोणाला पाठवलं? मलाच. दारोदार डबा घेऊन गेलो.

"बाबा बोलायला लागले का? वा वा! काय बोलले?"

प्रत्येक दारात मी तो शब्द सांगितला. प्रत्येक दारात लोक आधी पेढ्याकडे बघत, मग माझ्याकडे, आणि म्हणत, "म्हणजे ओळखतात सगळ्यांना!"

घरी परत आलो तेव्हा अंगठापेटी कोपऱ्यात पडली होती. मी तिच्यासमोर बसून खूप रडलो. हसू नका. मघाशी तुम्हाला मुभा दिली होती, ती आता संपली.

दुसऱ्या दिवशी सगळा सांगाडा घेऊन महाल भागातल्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्यानं फाटका भाता हातात घेऊन विचारलं, "उंदीर लागले होते का?" मी म्हटलं, हो. त्यानं नवी कमान घातली, नवं कापड चिकटवलं. खोकं मोडून झाकण परत जोडलं, पण त्याला मी पाडलेली भोकं तशीच राहिली. पांढरी खुंटी मीच जागेवर लावली.

पेटी आता कोनाड्याऐवजी बाबांच्या पलंगावर आली. नथ्थूकाकांनी मंडळातल्या दोघातिघांना ओढून आणलं. बाबांनी डावा हात भात्याला लावला. तो हात असा चालायला लागला, की जणू आठ महिने मधे गेलेच नव्हते. मग त्यांनी माझ्याकडे बघून पट्ट्यांकडे मान हलवली. वीस वर्षांनी मला परत बोलावलं हो. मी बसलो. पहिली पट्टी दाबली.

"गाढवा!"

नंतर आमचं रोजचंच ठरून गेलं. संध्याकाळी बाबा भाता मारायचे, मी पट्ट्या दाबायचो, आणि चुकलो की शब्द यायचा. बसल्या बैठकीला तीसचाळीस वेळा. दुसरा शब्द मात्र आला नाही. आईचा राम तर नाहीच. डॉक्टर म्हणाले, "उत्तम! जिभेला व्यायाम आहे. चालू ठेवा." म्हणजे बघा, औषधाच्या चिठ्ठीवर माझ्या चुका आल्या.

एकदा काय झालं, माझ्या हातून भजनाची एक अख्खी ओळ बरोबर वाजली. एकही चूक नाही. बाबा काहीच बोलले नाहीत. हळूहळू भाता थांबला. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, डोळे भरलेले. घर एवढं शांत झालं, की आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. मी इतका घाबरलो, की पटकन भलतीच पट्टी दाबली.

भाता नव्हता, त्यामुळे आवाज आला नाही. पण बाबांनी बोट पाहिलं होतं.

"गाढवा," ते हळूच म्हणाले. आई डोळे पुसत परत पोळ्या लाटायला गेली.

दीड वर्ष असं चाललं. मग बाबा गेले. पेटी अजून माझ्याकडे आहे, झाकणावर भोकं तशीच. आता भाताही मीच मारतो. लोक म्हणतात, दिगंबरराव, तेव्हा वडिलांना बोलतं ठेवायला तुम्ही मुद्दाम चुकत होतात, धन्य तुमची! मी मान खाली घालतो, त्यांना तो विनय वाटतो. तुम्हाला म्हणून सांगतो. पेटीवर मी आयुष्यात मुद्दाम केलेली चूक ती एकच, आवाज न आलेली. बाकीच्या सगळ्या माझ्या मनापासूनच्या.